घरच्या लॉनला विहिरीचे पाणी: मोटारीच्या आधी विहिरीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासवडजवळ बंगला असून त्यापुढे चाळीस बाय पंचाहत्तर फुटांचे, म्हणजे ३,००० चौरस फुटांचे लॉन आहे. आवारात दहा फूट व्यासाची आणि पस्तीस फूट खोल विहीर असून तिच्या काठावर एक एचपीची मोनोब्लॉक मोटार बसवलेली आहे. ही मोटार गच्चीवरची टाकी भरते, तर लॉनला सध्या नळी हातात धरून पाणी दिले जाते. मे महिन्यात विहिरीत सहा-सात फूट पाणी उरते आणि तेव्हा मोटार वारंवार पाणी सोडते, म्हणजे चालू राहूनही पाणी वर चढवत नाही. आता स्वयंचलित तुषार सिंचन बसवायचे आहे, तर त्यासाठी दोन एचपीची मोटार घ्यावी, की गच्चीवरच्या टाकीतूनच स्प्रिंकलरला जोड द्यावी, असे विचारले आहे. छपराचे पाणी विहिरीत सोडावे का, हाही प्रश्न आहे; त्याचे उत्तर शेवटी दिले आहे.

पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, या दोहोंपैकी काहीही करू नये. मोठी मोटार घेतल्याने मे महिन्यातील अडचण सुटणार नाही, आणि गच्चीवरच्या टाकीतून स्प्रिंकलर चालणार नाहीत. घरगुती लॉनच्या बहुतेक योजना स्प्रिंकलरच्या कॅटलॉगपासून सुरू होतात आणि विहिरीपाशी येऊन अडतात. त्यांची मांडणी उलट दिशेने व्हायला हवी, म्हणजे मे महिन्याच्या उत्तरार्धात विहीर चोवीस तासांत किती पाणी देते तो आकडा आधी, आणि बाकीचे सर्व त्यानंतर.

प्रथम मोटार पाणी का सोडते ते पाहू. काठावरची मोटार पाणी ओढते असे आपण म्हणतो खरे, पण प्रत्यक्षात हवेचा दाब ते पाणी वर ढकलत असतो. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे १०.३ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा असतो; सासवडच्या सातशे-साडेसातशे मीटर उंचीवर तो साडेनऊ मीटरच्या आसपास येतो. त्यातून सक्शन पाइपमधील घर्षण, फूटव्हॉल्व्हचा (पाइपच्या तळाशी असलेल्या एकदिशा झडपेचा) अडथळा आणि पंपाची स्वतःची गरज वजा केली, तर व्यवहारात सहा, फार तर साडेसहा मीटर उरतात. आपल्या विहिरीत मे महिन्यात पाण्याची पातळी काठापासून अठ्ठावीस फूट, म्हणजे साडेआठ मीटर खाली जाते. तेवढ्या खोलीवरून कोणतीही काठावरची मोटार नीट पाणी उचलणार नाही, मग ती एक एचपीची असो वा पाच एचपीची. मोठी मोटार उलट अधिक वेगाने उपसा करून पातळी आणखी खाली नेईल आणि लवकर हवा धरेल. मोटार विहिरीतल्या टप्प्यावर उतरवण्याचा जुना उपाय चालतो, पण पावसाळ्यात पाणी चढले की ती वर काढावी लागते, आणि एखाद्या रात्री ते राहून गेले तर वाइंडिंग जळते. त्यापेक्षा अर्धा एचपीचा ओपनवेल सबमर्सिबल पंप पाण्यात सोडणे योग्य. त्याला सक्शनचा प्रश्न नसतो. मात्र तो तळाला टेकवू नये. गाळापासून दोन फूट तरी वर, स्टेनलेस स्टीलच्या तारेने किंवा नायलॉनच्या दोराने टांगावा आणि त्याचे वजन केबलवर येऊ देऊ नये.

गच्चीच्या टाकीचा हिशेब याहून सोपा आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक बार दाब मिळतो. दुमजली बंगल्याची टाकी जमिनीपासून पंचवीस फुटांवर असेल, तर तळाशी जेमतेम पाऊण बार दाब येतो. पाणी सुरू होताच जमिनीतून वर येणाऱ्या साध्या पॉप-अप फवारा नोझलला सुमारे २.१ बार आणि फिरत्या धारांच्या रोटरी नोझलला सुमारे २.८ बार दाब लागतो. पाऊण बारवर पॉप-अपची नळी नीट वरही येणार नाही.

आता लॉनची तहान पाहू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर, एवढे लक्षात ठेवले की पुढचा सगळा हिशेब कागदावर करता येतो. आपले लॉन सुमारे २८० चौरस मीटर आहे. पुणे परिसरात एप्रिल-मे महिन्यांत हरळीच्या कुळातील किंवा त्यासारख्या उष्ण हवामानातील गवताला दिवसाला सुमारे पाच मिलिमीटर पाणी लागते असे धरावे. हिवाळ्यात ही गरज निम्म्याच्या आसपास येते. पाच मिलिमीटर म्हणजे १,४०० लिटर. परंतु कोणतेही स्प्रिंकलर सर्वत्र सारखे पाणी टाकत नाहीत, काही पाणी वाऱ्यावर जाते आणि काही कडेच्या फरशीवर पडते. चांगल्या मांडणीतही पंचाहत्तर टक्के पाणीच उपयोगी लागते असे मानले, तर रोज सुमारे १,९०० लिटर द्यावे लागतील. घरातील पाच माणसांचा आणि झाडांचा वापर अकराशे लिटर धरला, तर विहिरीवरचा एकूण भार दिवसाला ३,००० लिटर होतो.

विहीर हा भार पेलते की नाही, हे ठरवण्यासाठी एक चाचणी करावी. मे महिन्याच्या उत्तरार्धात एका सकाळी पाण्याची पातळी टेपने मोजावी, पातळी तीन फूट खाली जाईपर्यंत पंप चालवावा, आणि नंतर उपसा पूर्ण बंद ठेवून दर तासाला पाणी किती चढते ते लिहून ठेवावे. पाणी तीन फूट खाली नेता येत नसेल, तर दोन फुटांवर थांबले तरी चालेल. आपल्या विहिरीच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे ७.३ चौरस मीटर आहे, म्हणून पातळी एक सेंटिमीटर वाढली की ७३ लिटर पाणी आले असे समजावे. पहिल्या तासाचा आकडा घेऊन त्याला चोवीसने गुणण्याचा मोह टाळावा, कारण विहीर रिकामी असताना झऱ्यांचा जोर जास्त असतो आणि ती भरत जाते तसा तो मंदावतो. चोवीस तासांनंतर एकूण किती सेंटिमीटर भर पडली तोच विश्वासार्ह आकडा होय. ३,००० लिटरसाठी ही भर ४१ सेंटिमीटर असायला हवी. पण मी स्वतः ५५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरणाऱ्या विहिरीवर एवढे लॉन आखत नाही, कारण पावसाने दगा दिलेल्या वर्षासाठी काही शिल्लक हाताशी लागते.

ही चाचणी दिवाळीच्या सुमारास करून उपयोग नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणात विहिरींचे पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या आणि भेगाळलेल्या थरात साठते. त्याखालचा अखंड खडक फारसे पाणी धरत नाही. पावसाळ्यानंतर हा वरचा थर भरलेला असतो आणि विहीर अखंड पाणी देईल असे वाटते. फेब्रुवारीपासून तो रिता होऊ लागतो, शेजारच्या बोअरचा उपसाही त्याच सुमारास वाढतो, आणि ऑक्टोबरमध्ये मोजलेल्या आवकेचा मे महिन्यातील आवकेशी काही संबंध उरत नाही. याच कारणामुळे विहीर आणखी खोल करून पाणी वाढेलच असे नाही. खाली अखंड खडक असेल तर फक्त साठवण वाढते, आवक वाढत नाही.

चाचणीचा निकाल कमी आला तर लॉन कमी करावे, हे ऐकायला कोणालाही आवडत नाही. पण प्रत्येक १,००० चौरस फूट लॉन कमी केले की मे महिन्यात दिवसाला सुमारे ६०० लिटर पाणी वाचते, आणि एवढी बचत कोणत्याही महागड्या नोझलने होत नाही. कंपाउंडलगतची पट्टी, झाडांखालची सावलीची जागा आणि गाडीच्या वाटेच्या कडा येथे गवत तसेही नीट वाढत नाही. तेथे झुडपे लावून ठिबक द्यावे.

आवक पुरेशी आहे असे गृहीत धरून पुढची मांडणी सांगतो. विहिरीतला पंप स्प्रिंकलरला थेट जोडू नये. विहिरीची देण्याची गती आणि स्प्रिंकलरची घेण्याची गती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून त्यांच्यामध्ये जमिनीवर ३,००० लिटरची टाकी ठेवावी. विहिरीतला छोटा पंप फ्लोट स्विचच्या साहाय्याने ही टाकी दिवसभरात सावकाश भरेल, आणि टाकीशेजारचा वेगळा बूस्टर पंप पहाटे तिच्यातून लॉनला पाणी देईल. टाकीतील पाणी बूस्टरच्या तोंडाशी आपल्या वजनानेच येत असल्यामुळे प्रायमिंगची, म्हणजे चालू करण्यापूर्वी पंपात पाणी भरण्याची, कटकट उरत नाही. टाकी काळ्या किंवा पूर्ण अपारदर्शक प्लास्टिकची असावी आणि तिला घट्ट झाकण असावे, नाहीतर तिच्यात शेवाळ धरेल आणि डासही होतील. टाकीचा खर्च अनेकांना अनावश्यक वाटतो. माझ्या मते मात्र या संपूर्ण योजनेत शेवटपर्यंत टिकवून ठेवावी अशी हीच वस्तू आहे, बाकी कशातही काटकसर करता येईल.

नोझलची निवड आता या टाकीवरून ठरते. साधे फवारा नोझल तासाला सुमारे ४० मिलिमीटर पाणी टाकतात. संपूर्ण लॉनवर ते एकदम चालवायचे तर मिनिटाला सुमारे १९० लिटर पाणी लागेल; म्हणजे चार-पाच भाग करावे लागतील किंवा फार मोठा पंप घ्यावा लागेल. शिवाय काळ्या चिकण मातीत इतके पाणी इतक्या वेगाने मुरत नाही, ते वाहून जाते. बारीक फिरत्या धारांचे रोटरी नोझल तासाला सुमारे ११ मिलिमीटरच पाणी टाकतात. संपूर्ण लॉनला मिनिटाला सुमारे ५१ लिटर, आणि लॉनचे दोन भाग केले तर प्रत्येकाला सुमारे २६ लिटर पुरतात. अशा मांडणीत बूस्टरला नोझलपाशी २८ मीटर, फिल्टर आणि विजेने उघडबंद होणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हमध्ये सात-आठ मीटर आणि पाइपमध्ये तीन-चार मीटर, असा एकूण चाळीस मीटर हेड, म्हणजे पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब, द्यावा लागतो. दुकानात ‘एक एचपी द्या’ असे न म्हणता, ‘चाळीस मीटर हेडवर मिनिटाला तीस लिटर देणारा पंप द्या’ असे म्हणावे आणि पंपासोबतच्या तक्त्यात तो आकडा स्वतः पाहून घ्यावा. पाटीवर लिहिलेला कमाल हेड आणि कमाल प्रवाह हे दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत, ही गोष्ट विक्रेते आपणहून सांगत नाहीत.

स्प्रिंकलरमधील अंतराबाबत एकच नियम काटेकोरपणे पाळावा: एकाची धार शेजारच्या स्प्रिंकलरच्या बुंध्यापर्यंत पोहोचली पाहिजे. आपल्या लॉनवर रुंदीच्या दिशेने तीन ओळी आणि प्रत्येक ओळीत पाच, असे सहा मीटर पल्ल्याचे पंधरा स्प्रिंकलर बसतात. चार कोपऱ्यांना पाव वर्तुळाचे, कडांना आठ अर्ध्या वर्तुळाचे आणि मध्ये तीन पूर्ण वर्तुळाचे. कंत्राटदार खर्च वाचवण्यासाठी वर्तुळे एकमेकांना फक्त टेकतील अशी मांडणी करतात. पावसाळ्यानंतर लगेच ती चांगली दिसते, पण एप्रिलमध्ये वर्तुळांच्या मधल्या जागा पिवळ्या पडतात. मग त्या हिरव्या करण्यासाठी सगळ्याच लॉनला दुप्पट वेळ पाणी दिले जाते आणि विहीर आटते. फवारा आणि रोटरी नोझल एकाच व्हॉल्व्हवर कधीही एकत्र करू नयेत, कारण एकाच वेळेत एक तिप्पट-चौपट पाणी टाकेल. टाकीपासूनच्या मुख्य वाहिनीसाठी ३२ मिलिमीटरचा आणि शाखांसाठी २५ मिलिमीटरचा, किमान ६ किलो दाबाचा पीव्हीसी पाइप पुरेसा आहे. तो निदान फूटभर खोल पुरावा, म्हणजे लॉनमध्ये खुरपे किंवा टिकाव चालला तरी तो वाचतो.

फिल्टरबाबत उघड्या विहिरीचा आणि बोअरचा विचार वेगळा करावा लागतो. बोअरच्या पाण्यात वाळूचे कण असतात आणि त्यासाठी पाणी गरगर फिरवून वाळू वेगळी करणारा हायड्रोसायक्लोन उपयोगी पडतो. उघड्या विहिरीत ऊन पोहोचते, पाने पडतात, शेवाळ होते. ते मऊ असल्यामुळे साध्या जाळीतून दाबाने आरपार जाते आणि नोझलमध्ये अडकते. म्हणून बूस्टरनंतर १२० मेशचा (इंचात १२० छिद्रांच्या जाळीइतका बारीक) डिस्क फिल्टर, म्हणजे खाचा असलेल्या चकत्यांचा फिल्टर, बसवावा, त्याच्या दोन्ही बाजूंना दाबमापक लावावेत, आणि दोहोंमधील फरक अर्ध्या बारवर गेला की चकत्या काढून धुवाव्यात. विहिरीवर जाळी टाकली की निम्मे काम आधीच होते आणि मुलांच्या दृष्टीनेही ते आवश्यकच आहे.

पाण्याची तपासणी मे महिन्यात एकदा करून घ्यावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत चौकशी करावी. विद्युतवाहकता मीटरला ०.७ डेसिसिमेन्सपेक्षा कमी असेल तर क्षारांची काळजी नाही, ०.७ ते ३ च्या दरम्यान असेल तर अधूनमधून भरपूर पाणी देऊन क्षार मुळांखाली ढकलावे लागतात. त्यापुढे मात्र लॉनचाच पुनर्विचार करावा. सोडियमचे प्रमाण जास्त निघाले तर काळी माती घट्ट होते आणि पाणी वर साचू लागते, त्यासाठी जिप्सम द्यावा लागतो. आपल्याकडील विहिरींचे पाणी बहुधा जड असते. त्याने गवताचे फारसे बिघडत नाही, पण नोझलवर आणि खिडक्यांच्या काचांवर पांढरे डाग धरतात. नोझल वर्षातून एकदा काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावेत. टाचणीने टोकरू नयेत, छिद्राचा आकार बिघडतो. जमिनीखालच्या ठिबकचा पर्याय काही जण लॉनसाठी सुचवतात. जड पाण्यात त्याचे ड्रिपर आतून क्षारांनी बंद होतात आणि ते डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे मी तो विहिरीच्या पाण्यावर सुचवत नाही.

विजेच्या बाबतीत चार गोष्टी टाळता येण्यासारख्या नाहीत: विहिरीतल्या पंपाला कोरडा चालू न देणारे संरक्षण, दोन्ही पंपांना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), व्यवस्थित अर्थिंग, आणि लॉनमधील व्हॉल्व्हसाठी फक्त २४ व्होल्टची वायर. आवारात शेतीची वीजजोडणी असेल तर तिच्यावर लॉनचा पंप चालवू नये. मंजूर कारणाखेरीज दुसऱ्या कारणासाठी केलेला वापर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत ठरतो. तसेच ग्रामपंचायतीच्या नळाची वाहिनी आणि विहिरीची वाहिनी एकमेकींना जोडू नयेत, मध्ये व्हॉल्व्ह असला तरीही. नळाला पाणी नसताना तिच्यात पोकळी तयार होते आणि विहिरीचे पाणी पिण्याच्या वाहिनीत खेचले जाऊ शकते. नळाचे पाणी टाकीत घ्यायचेच असेल, तर ते टाकीच्या वरच्या कडेच्याही वरून, मोकळ्या हवेतून पडू द्यावे.

वेळापत्रक असे ठेवावे. उन्हाळ्यात एका दिवशी लॉनचा एक अर्धा भाग, दुसऱ्या दिवशी दुसरा. प्रत्येक भागाला दोन दिवसांची गरज, म्हणजे उपयोगी दहा मिलिमीटर आणि प्रत्यक्षात सुमारे तेरा मिलिमीटर पाणी द्यायचे, ज्याला रोटरी नोझलने सुमारे ७३ मिनिटे लागतात. हा वेळ पहाटे चार आणि साडेपाच असा दोन खेपांत विभागावा, म्हणजे पहिले पाणी मुरायला अवधी मिळतो. रोजचा खर्च १,९०० लिटरच्या आत राहतो आणि ३,००० लिटरची टाकी त्याला पुरते. रोज थोडेथोडे शिंपडण्यापेक्षा दिवसाआड खोल पाणी दिलेल्या गवताची मुळे अधिक खाली जातात. दुपारी पाणी देऊ नये, कारण एप्रिल-मे महिन्यांतील पश्चिमेचा वारा धारा वाकवतो. संध्याकाळीही शक्यतो टाळावे. पाती रात्रभर ओली राहिली की बुरशी धरते, आणि हे कोकणात किंवा गोव्यात लॉन करणाऱ्यांना अधिकच लागू आहे. जूनपासून कंट्रोलर (ठरलेल्या वेळी व्हॉल्व्ह उघडणारे यंत्र) बंद ठेवावा किंवा पावसाचा सेन्सर लावावा.

योजना चालू झाल्यावर पहिल्या आठवड्यात श्रीखंडाचे सरळ कडांचे पंधरा-वीस सारखे रिकामे डबे लॉनवर समान अंतरावर ठेवून अर्धा तास पाणी सोडावे आणि प्रत्येक डब्यातील पाणी पट्टीने मोजावे. सर्वांत कमी पाणी असलेल्या एक चतुर्थांश डब्यांची सरासरी एकूण सरासरीच्या सत्तर टक्क्यांहून अधिक असेल तर मांडणी चांगली समजावी. कमी असेल तर प्रथम दाब तपासावा, मग तिरके बसलेले स्प्रिंकलर, आणि सर्वांत शेवटी नोझल बदलण्याचा विचार करावा. माझ्या हिशेबातील ७३ मिनिटांचा आकडा याच चाचणीवरून आपल्या लॉनपुरता दुरुस्त करून घ्यावा.

छपराचे पाणी विहिरीत सोडण्याबाबतही आपण विचारले आहे. जरूर सोडावे, पण अपेक्षा बेताची ठेवावी. शंभर चौरस मीटर छप्पर आणि पाचशे मिलिमीटर पाऊस धरला, तर गळती-बाष्पीभवन वजा जाता सुमारे ४०,००० लिटर मिळतात. उन्हाळ्याच्या दरानेच मोजले तर हे लॉनचे एकवीस दिवसांचे पाणी झाले. त्यातलेही बरेचसे झऱ्यांच्या वाटेने आसपासच्या खडकात पसरते आणि शेजाऱ्यांच्या विहिरींतही जाते. पहिल्या एक-दोन पावसांचे धुळीचे पाणी बाहेर सोडून, पुढचे खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून मगच विहिरीत घ्यावे.

खरेदीचा क्रम असा ठेवावा: यंदा फक्त विहिरीतला पंप, टाकी आणि पाण्याची तपासणी. लॉनला पाणी तूर्त टाकीतून नळीनेच द्यावे. मे महिन्यात आवकेची चाचणी झाल्यावर पाइप आणि स्प्रिंकलर घ्यावेत, आणि चर पहिल्या पावसानंतर माती मऊ झाल्यावर खणावेत.